उंदीर उचलायचा भत्ता

मला सत्काराच्या शालीचा तिटकारा आहे. थंडी वाजली तर मी गोधडी घेते, स्वेटर घालते. पण ती झगझगीत काठाची, प्लास्टिकच्या पिशवीतून करकर वाजत निघणारी शाल मी खांद्यावर येऊ देत नाही. मी निवृत्त झाले त्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या पोरींनी हौसेनं शाल आणली होती, ती मी घालून घेतली नाही. पोरी हिरमुसल्या. बाई विचित्रच आहेत, असं एक जण हळूच म्हणालीसुद्धा. असेन विचित्र. तेव्हा कारण सांगत बसले नाही, ते इथं सांगते.

मी आरोग्य सेविका होते. वारंगा फाट्यावरून आत गेलं की एक बाजाराचं गाव लागतं, तिथं माझं उपकेंद्र होतं. दोन खोल्या, पुढं ओसरी, बाहेर हातपंप. तेव्हा आमचा जिल्हा परभणी, हिंगोली वेगळा व्हायचा होता. घरोघर फिरून ताप विचारायचा, गरोदर बायका तपासायच्या, लसी टोचायच्या, नसबंदीच्या केसेस कमी पडल्या की साहेबांच्या शिव्या खायच्या, असं माझं काम. गाव मला नर्सबाई म्हणायचं, आणि ज्यांना आपण शहाणे आहोत असं वाटायचं ते सिस्टर म्हणायचे.

तर ते प्लेगचं साल. आदल्याच वर्षी किल्लारीचा भूकंप झाला होता, लोक अजून अंगणात झोपत होते. त्यात बीडकडं उंदीर पडले आणि सुरतेत माणसं मरायला लागल्याची बातमी आली. सुरतेला कामाला गेलेली आमच्या गावची दोन-चार पोरं रातोरात परत आली, तर त्यांच्या सख्ख्या चुलत्यांनी दारं लावून घेतली. जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरत होता. तोंडाला बांधलेल्या त्याच रुमालानं लोक नाक पुसायचे आणि तोच परत बांधायचे. मी सांगून थकले.

आमच्याकडं पहिला उंदीर पडला तो आडत लाईनीत, मूग-उडदाच्या गोदामापुढं. दुसऱ्या दिवशी गल्लीत, मग मारुतीच्या पारावर, मग शाळेच्या व्हरांड्यात. बिळातून बाहेर यायचे, झिंगल्यासारखे थोडं चालायचे आणि उताणे व्हायचे. म्हाताऱ्या माणसांना याचा अर्थ ठाऊक होता. उंदीर पडला की गाव सोडायचं, हे त्यांनी आपल्या बापांकडून ऐकलं होतं. गावाची पाचावर धारण बसली. ज्यांची शेतं होती ते शेतात राहायला गेले, आणि बाजार बंद झाला.

जे गावात राहिले त्यांनी एक रीत काढली. घरात मेलेला उंदीर सापडला की पहाटे काठीनं उचलायचा आणि हळूच शेजाऱ्याच्या दारात टाकायचा. शेजारी उठला की त्यानं तो पुढच्या दारात सरकवायचा. एकच उंदीर चार-पाच घरं फिरायचा. तोवर तो फुगायचा, त्याला मुंग्या लागायच्या, आणि शेवटी ज्याच्या पुढं कोणाचं दार नसे त्याच्याकडं तो राहायचा. मी तापाच्या चौकशीला गेले की प्रत्येक बाई पदर नाकाला लावून सांगायची, "आमच्या घरी एक बी न्हाई बाई, शेजारच्यांकडंच हायेत." एका सकाळी उपकेंद्राच्या पायरीवर तीन उंदीर ओळीनं ठेवलेले होते. नर्सबाईकडं टाकले म्हणजे सरकारजमा झाले, असा हिशोब असावा.

ग्रामपंचायतीचा सफाईवाला बायकोपोरांना घेऊन सासुरवाडीला पळाला. मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याला त्या गावानं कधी माणसासारखं वागवलं होतं, की त्यानं गावासाठी मरायला थांबावं? पण उंदीर उचलणार कोण, हा प्रश्न उरला. मग सरपंचांनी मारुतीपुढं ग्रामसभा घेतली. आमचे सरपंच मोठे जमीनदार, सगळा गाव त्यांना मालक म्हणायचा. ते जीपमधून खाली उतरले नाहीत. अत्तराचा बोळा नाकाशी धरून आतूनच बोलले.

"जो कोनी उंदीर उचलून गावाबाहेर नेऊन जाळंल, त्याला रोजाच्या वर जोखमीचा भत्ता. आन साथ सरली की ग्रामपंचायतीत कायम करून घेऊ. मारुतीसमोर बोलून राहिलो, खोटं न्हाई."

शेजारी उभ्या ग्रामसेवकांनी मान डोलावली. कोणी पुढं येईना. सगळे एकमेकांच्या चपलांकडं बघत होते. तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "मी उचलतो, मालक."

तो गावचा नव्हता. ओढ्यापलीकडच्या तांड्यावरचा होता, बंजारा समाजाचा. किडकिडीत, तरणा, कमी बोलणारा. मी त्याला ओळखत होते, कारण त्याची बायको माझ्याकडं तपासायला यायची. तिला पाचवा महिना लागला होता. हे तिचं दुसरं पोट. पहिलं आदल्या हंगामात ऊसतोडीच्या फडात गेलं होतं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना तिचा पाय घसरला, आणि दुसऱ्या दिवशी ती परत मोळ्या वाहत होती. मुकादम हंगामाआधी नवरा-बायकोच्या जोडीला आगाऊ पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. एकदा उचल घेतली की ती फिटेपर्यंत जोडीनं फडातून हलायचं नसतं, मग पोट असो की ताप असो.

सभा संपल्यावर तो माझ्या ओसरीपुढं आला.

"बाई, औंदा मी उचल घेतली न्हाई अजून. मुकादम दोन खेपा तांड्यावर येऊन गेला. ह्यो भत्ता भेटला की हंगाम हितंच निघंल. लेकरू तुमच्याच हाताखाली व्हवं, येवढंच."

"अरे, पण तुला काही झालं तर?"

"मला झालं तर मला एकट्याला व्हईल. फडात तिघं जातो."

त्याला देण्यासारखं ग्रामपंचायतीकडं काही नव्हतं. मी माझ्या बाळंतपणाच्या पेटीतले रबरी हातमोजे दिले, ते लवकरच फाटले. मग तो खताच्या गोणीतली प्लास्टिकची पिशवी हातांना गुंडाळून वर सुतळी बांधायचा. तोंडाला बायकोच्या जुन्या ओढणीचा तुकडा. कडब्याच्या गंजीपासून ते संडासाच्या भिंतीपर्यंत तो वाकून वाकून शोधायचा. उंदीर बांबूच्या डालग्यात गोळा करायचा, नाल्याकाठी खड्ड्यात टाकून रॉकेल ओतून जाळायचा आणि वर चुना टाकायचा. मग बिळांमध्ये पिसवा मारणारी बीएचसीची पावडर मारायची. ती पावडर घशाला चिकटून राहते, पाणी प्यालं तरी जात नाही. केस जळल्याचा वास गावभर असायचा. माझ्या साड्यांना तो धुऊनही येत होता, मग त्याच्या अंगाला किती येत असेल!

आणि गाव? गावानं काय करावं? तो गल्लीत शिरला की माडीवरून लोक उंदीर त्याच्या पुढ्यात फेकायचे. डालग्यात टाकायला हात लांब करायचीही तसदी नाही. एकदा एक उंदीर त्याच्या मानेवर पडला तर वरून हसण्याचा आवाज आला. हॉटेलवाला त्याला चहा करवंटीत द्यायचा, आणि करवंटीही दगडावर ठेवून बाजूला व्हायचा. रुमालाआडून सगळे एकच विचारायचे, "आमच्या आळीत कवा येऊन राहिला?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. जणू तो पगारी पोलीस आणि उंदीर चोर.

तांड्यानं त्याला घरी येऊ दिलं नाही. वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या, त्याला कडुलिंबाचे डहाळे बांधले, आणि साथ सरेपर्यंत इकडं पाय ठेवायचा नाही असं नाईकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, सांगितलं. मी तावातावानं भांडायला गेले. नाईक फांद्यांच्या पलीकडून शांतपणे म्हणाला, "बाई, तुमचं गाव त्याला घरात घेऊन राहिलं का? मंग आमाला काहून बोलता?" मी तशीच परत आले.

तो बंद बाजाराच्या पत्र्याखाली झोपायचा. बायको ओढ्यापर्यंत यायची, भाकरी दगडावर ठेवून मागं सरायची, मग हा ती उचलायचा. ओढ्याला गुडघाभर पाणी. तो या काठावर बसून खायचा, ती त्या काठावर बसून बघायची. तिची तपासणी मी तिथंच, बाभळीखाली केली. पोटावर हात ठेवला तर बाळ छान हलत होतं. मी ओरडून त्याला सांगितलं, "चांगलं आहे रे!" त्यानं हातातली भाकरी वर करून दाखवली. त्या सगळ्या घाणीत तेवढंच काय ते मला चांगलं आठवतं.

मग वरून पथक आलं. त्यांनी मेलेले उंदीर नेले, तापाच्या रोग्यांचं रक्त नेलं. मी घरोघर कॅप्सूल वाटत होते. लोक त्या घेऊन खिशात ठेवायचे आणि लक्षणं दिसल्यावर खाऊ म्हणायचे. काही दिवसांनी अहवाल आला. प्लेग नव्हता. एकाही माणसाला नव्हता, एकाही उंदराला नव्हता. उंदरांच्या पोटात विष निघालं.

विष आडत्यानं घातलं होतं. गोदामाचा मालक, गळ्यात साखळी, गावातलं सगळ्यात जाडं माणूस. बीडची बातमी वाचून त्याला वाटलं, आपल्या गोदामात उंदीर फार, प्लेग आधी आपल्याकडंच येईल. म्हणून पिठात उंदीरमाराचं औषध कालवून त्यानं गोण्यांच्या मागं ठेवलं. उंदीर खाऊन बाहेर आले आणि गावभर मेले. प्लेग येऊ नये म्हणून केलेल्या कामानं प्लेग आल्याची खूण गावभर पसरली. हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण तो गप्प राहिला. बाजार बुडाला, माणसं रानात पावसात भिजली, एक माणूस आपल्या घराला मुकून पत्र्याखाली झोपला, तरी हा दुकानाच्या गादीवर रुमाल बांधून बसून होता.

मी त्याला तोंडावर विचारलं, "बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर लोकांनी गोदाम फोडलं असतं, सिस्टर. धंदा करावं लागते," असं म्हणून तो हसला. पान खाल्लेले लाल दात. त्या दातांवर एक ठेवून द्यावी असं माझ्या हाताला फार वाटलं.

गाव मात्र खूश. रुमाल सुटले, बाजार भरला. आडत्याला कोणी काही बोललं नाही, उलट हसण्यावारी नेलं. 'शेठनं उंदीर तरी कमी केले' म्हणे! बाभळीच्या फांद्या निघाल्या आणि तो घरी गेला. दोन दिवसांनी तो भत्ता मागायला ग्रामपंचायतीत आला, तेव्हा पावडर मारायचा पंप परत घ्यायला मीही तिथं होते.

सरपंच खुर्चीत रेलून बसले होते. आता अत्तराचा बोळा नव्हता.

"कशाचा भत्ता?" ते म्हणाले. "साथच न्हवती तर जोखीम कशाची?"

त्याला आधी कळलंच नाही. तो ग्रामसेवकांकडं बघत राहिला. ग्रामसेवक समजूत घातल्यासारखं बोलले, "हे बघ, उद्या हिशोब तपासायला येतील. प्लेग नव्हता आणि प्लेगचा भत्ता दिला, असं कसं दाखवू? माझी नोकरी जाईल. रोज घे ना तुझा. रोज कुठं नाही म्हटलं?"

"पर मालक, उचलताना मला काय ठाऊक, प्लेग न्हाई म्हनून?" तो म्हणाला. "तुमाला तरी ठाऊक व्हतं का?"

"कोनालाच न्हवतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मग मालक, जोखीम नव्हती तर तुम्ही इतके दिवस जीपमधून खाली का उतरला नाहीत?"

सरपंच माझ्याकडं बघून हसले. "सिस्टर, तुमी ताप मोजा."

"आन कायम करतो म्हनले व्हते," तो म्हणाला.

"जुना आला की परत सासुरवाडीहून. जागा कुठंय?" मग सरपंचांना त्याच्या तोंडाकडं बघून काही वाटलं असावं, कारण ते ग्रामसेवकांकडं वळले. "त्याचा सत्कार करू. काय? सगळ्यांचाच करू. शाल-नारळ देऊ."

सत्काराला मात्र सगळं बसत होतं. मांडव, लाउडस्पीकर, पेढे, हार, फोटोग्राफर. हा खर्च हिशोबात दाखवता येतो, हे मला ग्रामसेवकांनीच सांगितलं. शाली कोणी द्याव्यात? आडत्यानं! त्यानं मोठ्या मनानं सगळ्या शाली आपल्यातर्फे दिल्या आणि म्हणून पाहुण्यांच्या खुर्चीत मध्यभागी बसला. आधी सरपंचांनी आडत्याचा सत्कार केला, मग आडत्यानं सरपंचांचा, मग दोघांनी ग्रामसेवकांचा. भाषणं झाली. गावानं एकजुटीनं संकटावर मात केली म्हणे. दारोदार उंदीर फिरवणारी तीच माणसं पुढं बसून टाळ्या वाजवत होती, आणि मी मांडवात बसून ओठ चावत होते.

सगळ्यात शेवटी त्याला बोलावलं. तो आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला होता. सरपंचांनी शाल दोन बोटांत धरली आणि हातभर अंतरावरून त्याच्या अंगावर टाकली. ती एका खांद्यावरून घसरून खाली पडली. फोटो नीट आला नाही, म्हणून फोटोग्राफरनं परत टाकायला लावली. मग नारळ हातात न देता टेबलावर ठेवला आणि बोटानं दाखवला. प्लेग नव्हता हे सिद्ध होऊन आठवडा झाला होता. तरी हात लावायला तयार नाहीत! चहा करवंटीत दिला आणि सत्काराला अख्खा नारळ.

मी त्याला माझ्याजवळचे पैसे देऊ केले. त्यानं मान हलवली. "उचल घेतली बाई. आता मुकादम परत घेत न्हाई."

दिवाळीनंतर ट्रक आला. तांड्याच्या तोंडाशी भांडी, कोंबड्या, लेकरं, म्हाताऱ्या सगळं चढत होतं. मी तिला सांगून पाहिलं, तू राहा, त्याला जाऊ दे. ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "म्या न्हाई गेले तर ह्ये एकले काय करतील? जोडी लागती, बाई." मी तिला बाळंतपणाची पुडी दिली, साबण, नवं ब्लेड, उकळलेला दोरा. कसं वापरायचं ते दोनदा सांगितलं. तिनं ती पुडी शालीत गुंडाळून गाठोड्यात ठेवली. निघताना ट्रकच्या चाकापुढं नारळ फोडायची पद्धत असते, तर त्यानं सत्काराचाच नारळ फोडला. आत नासका. काळं पाणी चाकावर सांडलं आणि असा वास सुटला की पुढची माणसं मागं सरली. "देव पावला, देव पावला," एक म्हातारी म्हणाली. नारळ नासका निघाला की देवानं खाल्ला, असं आमच्याकडं मानतात. मला वाटलं, तो देवानं नाही, आडत्यानं दुकानातला जुना माल खपवला. ट्रक निघून गेला.

होळीनंतर ते परतले. ती उपकेंद्रात आली तेव्हा मी आधी तिच्या कडेवर बघितलं, मग पाठीवर बघितलं. कुठंच काही नव्हतं. ती बाकावर बसली. तो दाराशी उभा राहिला आणि त्यानंच सांगितलं. ऐन थंडीत, फडाच्या कडेला, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, मुलगा झाला. चांगला रडला. पण रात्री दव इतकं पडायचं की पाचटातून ठिबकायचं. मुकादमानं तिसऱ्या दिवशी तिला मोळ्या बांधायला लावलं. लेकराचं अंग गार पडत गेलं.

"शाल व्हती जवळ," तो म्हणाला. "तिच्यातच गुंडाळलं व्हतं. मंग तिच्यातच बांधावर पुरलं. दुसरं कापड न्हवतं."

तिनं पदराची गाठ सोडली आणि अर्धा झिजलेला साबण माझ्या टेबलावर ठेवला. "ह्यो उरला, बाई," म्हणाली.

मी तो साबण पुढं कितीतरी दिवस तिथून हलवला नाही. त्या दिवशी मात्र मी तशीच उठून ग्रामपंचायतीत गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. सरपंच टेबलावरच्या काचेखालचा देवाचा फोटो बघत बसले. ग्रामसेवक म्हणाले, "वाईट झालं. पण मॅडम, जन्म आपल्या हद्दीत नाही, मृत्यू आपल्या हद्दीत नाही. आपल्याला नोंद घेता येणार नाही." मी नोंद मागायला गेलेच नव्हते. मी काय मागायला गेले होते, ते मला तरी कुठं ठाऊक होतं! थू म्हणून बाहेर आले.

मध्ये बरीच वर्षं गेली. हिंगोली जिल्हा झाला, नवी कार्यालयं झाली, जुन्याच माणसांना नव्या खुर्च्या मिळाल्या. माझ्या बदल्या होत होत शेवटी मी परत त्याच गावी आले. मालक अंथरुणात, भरल्या घरात गेले होते, त्यांचा मुलगा सरपंच झाला होता. मग स्वाइन फ्लूचं साल आलं. पुन्हा तोंडाला रुमाल, या खेपेला वर गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी. पुण्याहून एक जण आजारी होऊन गावी आला. त्याचं घर, अंथरूण, त्यानं उपकेंद्राच्या खोलीत केलेली ओकारी, हे सगळं साफ करायला माणूस मिळेना. मग कोणाला तरी आठवलं, आणि तांड्याकडं जीप गेली.

तो आला. केस पांढरे झालेले, एक खांदा उतरलेला. मी चिडूनच विचारलं, "काहून आलास रे?"

"कोयता चालत न्हाई आता बाई. खांदा गेला. रोज तर पायजे." मग खांदा चोळत म्हणाला, "भत्ता बी देतो म्हनले."

या वेळी मात्र त्याला मी हातमोजे भरपूर दिले, मास्क दिले, आणि कपात चहा माझ्या हातानं दिला. त्यानं सगळं धुतलं, पुसलं, जाळलं. पुण्याचा माणूस बरा झाला, गावात दुसरं कोणी आजारी पडलं नाही. आणि भत्ता? तो कायम कर्मचाऱ्यांनाच लागू आहे, रोजंदारीला नाही, असं नव्या ग्रामसेवकांनी सांगितलं. या खेपेला साथ खरी होती. पण माणूस कागदावर खरा नव्हता. तरुण सरपंच उदारपणे म्हणाले, "सत्कार करू ना मग!"

ग्रामपंचायतीचा नवा हॉल, फरशी, माइक. आरोग्याची माणसं म्हणून आधी आम्हाला बोलावलं. मी नको म्हणत असताना माझ्या खांद्यावर शाल आली, तशी मी पहिल्या रांगेत येऊन बसले. सरपंचांचा मास्क हनुवटीवर होता. ते प्रत्येक सत्कारानंतर हाताला सॅनिटायझर चोळत होते. त्याला शेवटी बोलावलं. सरपंचांनी शाल बापासारखी लांबून टाकली नाही, चांगली दोन्ही हातांनी घातली आणि फोटोसाठी तिकडं तोंड केलं.

फोटो झाल्यावर त्यानं शाल खांद्यावरून काढली, पिशवीतून आली होती तशी नीट घडी घातली आणि सरपंचांच्या हातात दिली. तो हळूच बोलला, माइकपासून लांब. पण पहिल्या रांगेत आम्हाला शब्द न् शब्द ऐकू आला.

"ही ऱ्हाऊ द्या, मालक. तुमच्या वडिलांनी दिली व्हती तिच्यात मी माजं लेकरू पुरलं. आता माज्या घरात पुरायला कोनी न्हाई."

मग तो पायऱ्या उतरून, मधल्या वाटेनं चालत बाहेर गेला. मागच्या रांगांना काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांना वाटलं, त्यानं मोठ्या मनानं सरपंचांचाच सत्कार केला, आणि त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. माझ्या खांद्यावर तसलीच शाल होती. ती मी ओढून काढली.

सरपंच घडी हातात धरून उभे होते. टाळ्या थांबेपर्यंत ते थांबले, मग ग्रामसेवकांकडं वाकून त्यांनी विचारलं, "एक शाल उरली की. आता ही कोनाला घालायची?"